आत्याची गाय आणि बाहेरगावचं गवत

२२ जानेवारी १९७३, सकाळ
आत्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर गेली, खडी फोडायला. मुक्काम तिकडंच. गाय माझ्यावर सोपवली. तीन महिन्यांची गाभण. आई गेल्यापासून आत्यानंच मला वाढवलं, आणि तिची स्वतःची म्हणावी अशी ही एकच वस्तू. जाताना म्हणाली, "तुझ्यागत शिकल्याल्याच्या हातात हाय, म्हणून जाते."
योग्य माणूस निवडला. बी.एस्सी.ला झूऑलॉजी होतं.
कडबा संपला. उद्यापासून सरकारी चारा डेपोचं गवत. गाईच्या आहाराचं टाइमटेबल करणे. रोज पाचला उठणे.

२३ जानेवारी
साडेआठला उठलो. थंडी.
मंगळवेढ्याच्या डेपोवर चार गाठी मिळाल्या. गवत दाबून ट्रंकेएवढं केलेलं, वरून तीन-तीन लोखंडी तारा. ट्रकवाला महबूब सांगत बसला की कुऱ्हाड घालू नको, तार पक्कडीनं सोडव, तिन्ही तारा हातात आल्याशिवाय जनावरापुढं काडी टाकू नको. ऐकून घेतलं. ट्रकवाल्यांना बोलायला कुणीतरी लागतं.

२५ जानेवारी
गाय गवताला तोंड लावत नाही. हुंगते आणि माझ्याकडे बघते. जन्म कडब्यावर गेला, तिची चूक नाही. कडब्याची पेंडी अख्खी पुढं टाकायची आपली पद्धत. बांधलेला आळासुद्धा ज्वारीच्या ताटाचाच, जनावर तोही खातं.

२७ जानेवारी
गवतावर मिठाचं पाणी शिंपडलं. खाल्लं. सगळं. शेवटी सायन्स ते सायन्स.
आत्याला कार्ड टाकलं: गाय मजेत.

२ फेब्रुवारी
तारा सोडवण्यात सकाळ जाते. बोटं सोलली. शेजारचा धुळा एकेक तार सोडवून, मोजून खुंटीला अडकवतो. त्याला वेळ आहे. मी आज कुऱ्हाडीचे चार घाव घातले, दोन मिनिटांत गाठ मोकळी. धुळा भिंतीवरून म्हणाला, तार येच की रं नीट. वेचली. बरीचशी.

९ फेब्रुवारी
शेवटची गाठ. कुऱ्हाडच.

१४ फेब्रुवारी
गाय अर्धं टाकते. तेच तेच खाऊन कंटाळली असणार. मीही मेसमध्ये कंटाळायचो. टाइमटेबल बदलणे.

१५ फेब्रुवारी
पाण्यावर नेताना उतारावर कण्हली. खाली बसत नाही. पुढचे पाय फाकवून, पाठ वाकवून उभी. निदान: बद्धकोष्ठ. गोडंतेल पाजलं. अर्धं माझ्या शर्टावर. उद्या डॉक्टरांकडे जाणे.

१६ फेब्रुवारी
सायकल पंक्चर. उद्या नक्की.

१७ फेब्रुवारी
शनिवार. डॉक्टर नसणारच.

२१ फेब्रुवारी
जरा बरी वाटते. गळ्याखाली मांस धरलंय. गवत अंगी लागलं म्हणायचं. धुळ्याला दाखवलं. त्यानं टोपी घातली आणि तो चालत तालुक्याला गेला.

२१ फेब्रुवारी, दुपार
धुळा जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आला. ते मांस नाही, सूज आहे. डॉक्टरांनी विचारलं, तार गेली का पोटात? मी म्हणालो, शक्यच नाही. नंतर कोपऱ्यातले तुकडे जमिनीवर मांडून, जोडून बघितले. कुऱ्हाडीनं तोडलेल्या दोन गाठी, म्हणजे सहा तारा. साडेपाच भरल्या.
डॉक्टर म्हणाले, तार पोटातून काळजाकडं सरकते. आता उशीर झाला.
आठवड्याभरापूर्वी आणलं असतं तर, असं मी विचारलं नाही.

२७ फेब्रुवारी
गेली. वासरू पोटातच.
धुळ्यानं आत्याला निरोप धाडला. मी कार्ड लिहायला घेतलं होतं. 'गाय' एवढंच झालं.

१ मार्च
आत्या आली. हाताला चिंध्या बांधलेल्या. रिकाम्या दाव्याशी बसली. आल्याबरोबर मी सगळं सांगितलं: कुऱ्हाड, तार, तेल, शनिवार. सायकलचंही सांगितलं. तिनं ऐकलं. रागावेल म्हणून मी थांबलो. रागावली नाही.
मग गल्लीतल्या बायका जमल्या. केराबाईनं विचारलं, कशानं गेली गं? मी तोंड उघडलं, तेवढ्यात आत्या म्हणाली, "म्हातारी झाली हुती. पोराचा काय दोष न्हाय त्यात. लई केलं त्यानं."
केराबाईनं माझ्याकडे बघितलं. व्हय रं?
मी हो म्हणालो.
गाय पाच वर्षांची होती.