वजनकाट्यावरचा आवाज

पिंपळगाव बसवंत
मंगळवार, सकाळ

प्रिय ताई,

माझं अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवू नकोस, आणि मला फोनही करू नकोस. माझा फोन आणखी कोण ऐकतं ते मला माहीत नाही. त्यात तुझा नंबर दिसायला नको, म्हणून आज इतक्या वर्षांनी कागद घेऊन बसलो आहे. मधेच भाऊजींना बोलावून घ्यावंसं वाटेल, तरी बोलावू नकोस. ते शाळेतून यायच्या आत तुझं सगळं वाचून झालेलं असू दे.

तुला जे माहीत आहे ते पेपरातून, चौकशीला आलेल्या माणसांकडून आणि भाऊजींकडून. माझ्याकडून तू काहीच ऐकलेलं नाहीस. जामिनावर सुटल्यावर मी सुरगाण्याला आलो होतो, हे तुला कुणी सांगितलं का? भाऊजी स्टँडवरच भेटले. चहा पाजला, तब्येत विचारली आणि म्हणाले, "शेखर, राग मानू नका. आश्रमशाळेची नोकरी आहे. घरी साहेब लोक येऊन गेले ते अख्ख्या गावाने बघितलं. पोलीस उगाच कुणाला धरत नाहीत, असं लोक बोलतात." लोक बोलतात म्हणाले, स्वतःला काय वाटतं ते सांगितलं नाही. मी परतीची एसटी पकडली. पुढे तुझा फोन लागेनासा झाला. मला राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

झालं ते असं. जहाजावर थंड कंटेनर असतात, द्राक्षांचे, मासळीचे. त्यांची वीज आणि आतलं तापमान बघणं हे माझं काम. त्या दिवशी न्हावाशेवाला माल चढत होता आणि मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "अप्पा बोलतोय, पिंपळगावहून. आपल्या द्राक्षांचा डबा चढला का तुमच्या जहाजावर? टेम्परेचर बरोबर शे ना?" आपल्याकडचा माणूस, त्यात बोलता बोलता 'आहे'च्या जागी बागलाणी 'शे' निसटलेलं. दर्यावर जायच्या तोंडाशी असं काही कानावर पडलं की किती बरं वाटतं ते तुला सांगून कळणार नाही. नंबर कुठून मिळाला हेसुद्धा मी विचारलं नाही. कंटेनरवरच्या आकड्यांचा फोटो काढला आणि पाठवून दिला. त्याला तापमानाशी काही घेणं नव्हतं. माल कस्टममधून सुटून जहाजावर चढला, एवढंच त्याला माझ्याकडून हवं होतं.

जहाज सुटायच्या आत कस्टमचे लोक आले. त्यांना कुणीतरी खबर दिली होती. कंटेनर उतरवून उघडला, तर द्राक्षांच्या दोन रांगांमागे रक्तचंदनाचे ओंडके. फोटो माझ्या फोनमध्ये. ज्याला पाठवला तो नंबर बंद, आणि सिमकार्ड कुणा मेलेल्या माणसाच्या नावावर. नाशिकचा कंटेनर, नाशिकचा खलाशी. खरं सांगू, त्या अधिकाऱ्यांच्या खुर्चीत मी असतो तर मीही मलाच धरलं असतं. कोठडी झाली, मग जामीन. जहाजावर चढायचं पुस्तक जप्त झालं आणि कंपनीने नाव काढून टाकलं.

वकील म्हणाले, केस उभी राहीपर्यंत गप्प बसा. मला ते जमेना. ज्यांनी हे केलं ते समुद्रावर नव्हते. ते इथेच, द्राक्षांच्या हंगामात, महामार्गाच्या आसपास वावरत असणार. माझ्याकडे त्यांच्यातल्या एकाचा आवाज होता, बाकी काही नाही. मी दाढी वाढवली, नाव मल्हारी सांगितलं आणि ज्या पॅकहाऊसमध्ये तो कंटेनर भरला गेला तिथेच कूलिंगच्या मशिनी बघायला लागलो. हंगामात माणूस मिळत नाही, त्यामुळे कुणी कागद मागितले नाहीत. कॅमेऱ्यात त्या दिवशी फक्त द्राक्षं भरताना दिसत होती, म्हणून पोलिसांनी पॅकहाऊस सोडून दिलं होतं. मी मात्र कुणालाच सोडलं नव्हतं. मॅनेजर बागलाणातल्या सटाण्याचा. तो आईशी फोनवर बोलताना 'शे' म्हणाला आणि मी कितीतरी दिवस त्याच्या मागावर राहिलो. त्याचा आवाज किनरा आहे हे कळत असूनही राहिलो. मग एक व्यापारी, मग द्राक्षांचे खोके पुरवणारा. कुणी फोनवर बोलायला लागलं की मी पान्हा घेऊन त्याच्या आसपास काहीतरी आवळत बसायचो. हळूहळू मला माणसांचे चेहरे आठवेनासे झाले, नुसते आवाज लक्षात राहायला लागले.

तिथेच एका बाईवर माझी नजर गेली. चांगुणा तिचं नाव. द्राक्षाचे घड कात्रीने साफ करायच्या टेबलावर असायची. फाटकातून नवीन गाडी आली, नवीन ड्रायव्हर उतरला, की ही काम टाकून बाहेर यायची, त्याच्या तोंडाकडे नीट बघायची आणि आत जायची. कुणाशी बोलायची नाही. एकदा कुणीतरी सांगितलं, ही गोटीरामची बायको. ताई, गोटीराम म्हणजे तो कंटेनर बंदरावर नेणारा ड्रायव्हर. माल पकडला गेल्यावर तो फरार झाला असं केसच्या कागदात लिहिलं होतं. मी मनात म्हटलं, सापडलं. नवरा लपवून ठेवलाय आणि ही इथे त्यांच्यासाठी पहारा करते.

मी तिच्यावर पाळत ठेवली. एका संध्याकाळी, चांगला उजेड असताना, ती मार्केट यार्डाकडे निघाली आणि मी मागून चाललो. कांद्याचा लिलाव संपून गेलेला, ट्रॅक्टर परतत होते. दोन ट्रॉल्यांच्या मधे ती एकदम वळली. हातात ती द्राक्षाची कात्री. "कोणी धाडलंय तुला माझ्या मागं?" म्हणाली. "जो फोनवर बोलतो त्याच्या तोंडाशी कान लावून बसतो तू. लय दिवसांपासून बघते मी. त्यांचा माणूस ना तू? सांग, माझ्या मालकाचं काय केलं तुम्ही?"

ती मला त्यांचा समजत होती आणि मी तिला. कात्री तिने खाली केली नाही, आणि मीही लगेच खरं नाव सांगितलं नाही. बराच वेळ आम्ही एकमेकांची उलटतपासणी घेत तिथे उभे होतो. मग तिने सांगितलं. कंटेनर भरायच्या आदल्या दिवशी एक माणूस तिच्या घरी आला होता. अंगणात खाटेवर बसला, चहा प्याला. ती आत होती, बोलणं ऐकू आलं नाही, पण कप ठेवायला बाहेर आली तेव्हा त्याचा चेहरा अगदी समोर होता. डाव्या भुवईला केस नव्हते. तो गेल्यावर गोटीराम जेवला नाही. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन गेला. बंदरातून त्याचा एकच फोन आला, "घरी येतो, आल्यावर सांगतो." गाडी घोटीजवळ रस्त्याच्या कडेला सापडली. माणूस नाही. पोलिसांनी तिला एकच प्रश्न विचारला, नवरा कुठे लपवलास. "मी चेहऱ्याचं सांगाया लागले तर म्हणे, आधी नवरा हजर कर. मग मी बोलनंच सोडलं," ती म्हणाली.

माझ्याकडे आवाज होता, तिच्याकडे चेहरा. आणि तरीही, ताई, आमचा एकमेकांवर विश्वास बसायला पुष्कळ वेळ लागला. आम्ही ठरवून एकत्र डबा खायचो आणि दोघंही दुसऱ्याचं काही चुकतंय का ते बघायचो.

आवाज सापडला तो नुसत्या योगायोगाने. मशीनचा एक भाग आणायला मी टेंपोने ओझरकडे निघालो होतो. महामार्गावर गाड्या तुंबल्या आणि आमचा टेंपो एका वजनकाट्यासमोर उभा राहिला. बंदराकडे जाणारा प्रत्येक कंटेनर अशा काट्यावर चढतो, वजनाची पावती घेतो आणि पुढे जातो. खांबावर भोंगा होता. त्यातून आवाज आला, "काटा मोकळा शे, येऊ द्या गाडी." समोरासमोर बोलला असता तर कदाचित ओळखला नसता. मी तो आवाज फोनमधूनच ऐकलेला, आणि भोंग्यातूनही तो तसाच, थोडा घोगरा, दुरून आल्यासारखा येत होता. मग एकेक लक्षात यायला लागलं. गोटीरामची गाडी वाटेत कुठे थांबली हे पोलिसांनी तपासलं होतं, पण काट्यावर थांबणं हा काही गुन्हा नाही, म्हणून तिथे कुणी बघितलंच नव्हतं. केसच्या कागदातली वजनाची पावतीही तिथलीच, आणि मागे कांद्याची जुनी शेड, ट्रक सहज आत जाईल एवढी. द्राक्षं काढून ओंडके तिथेच भरले असणार.

दुसऱ्या दिवशी चांगुणा कांद्याच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून त्या काट्यावर गेली. तोंडाला स्कार्फ. मी समोरच्या पंक्चरच्या दुकानात. ती उतरली आणि सरळ त्याच्या खिडकीशी जाऊन प्यायला पाणी मागितलं. असं काही ठरलं नव्हतं. त्याने माठाकडे बोट केलं. ती पाठ करून पाणी प्याली, पेला जागेवर ठेवला, गाडीत बसून निघून गेली. पुढच्या वळणावर मी तिला गाठलं. "तोच हाय," म्हणाली. "त्याच्या माठातलं पानी पेले मी."

आता सांगायचं कुणाला? त्या काट्यावर वर्दीतला एक माणूस रोज चहाला बसलेला मी पाहिला होता. वकिलांच्या कारकुनावरही माझा भरवसा नव्हता. शेवटी मी मुंबईला गेलो, ज्यांनी मला अटक केली होती त्याच कस्टमच्या अधिकाऱ्यांकडे. तू म्हणशील, डोकं फिरलं होतं का? पण मी असा विचार केला, की इतक्या मनापासून ज्याने माझ्यावर संशय घेतला तो माणूस विकला गेलेला नसणार. त्यांनी ऐकून घेतलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. पुढच्याच आठवड्यात काट्यावर धाड पडली. शेडमध्ये कांद्याच्या गोण्यांखाली ओंडके सापडले, कंटेनरची खोटी सीलं सापडली, अप्पाला धरला. तुमच्या पेपरात आलं असेल, माझं नाव त्यात नव्हतं. अधिकारी मला म्हणाले, "माझा तुमच्यावर अजून पूर्ण विश्वास नाही. पण तुम्ही सांगितलेलं खरं निघालं."

इथे गोष्ट संपायला हवी होती. अप्पा म्हणतो, मी वजन करतो, शेड भाड्याने दिलेली, भाडेकरूने काय ठेवलं ते मला काय ठाऊक. आवाज मी ओळखला, पण मी आरोपी, माझ्या कानाला कोर्टात किंमत नाही. त्या कंटेनरशी आणि गोटीरामशी त्याला जोडणारं एकच माणूस आहे, ते म्हणजे चांगुणा. येत्या सोमवारी नाशिकला न्यायाधीशांसमोर तिचा जबाब आहे. आणि परवा एक मोटरसायकलवाला तिच्या खोलीवर आला. धमकी नाही, शिवी नाही. गोड बोलला. "वहिनी, गोटीराम जिवंत आहे. चला, भेटवतो." ताई, ती चप्पल घालून निघाली होती. शेजारच्या पुतळाबाईंनी हाताला धरून आत ओढली म्हणून राहिली. काल मला म्हणाली, "परत आला तर मी जाईन. खोटं असंल, तरी जाईन." तिचा पत्ता त्याला कुणी दिला? पॅकहाऊसचा वॉचमन, मॅनेजर, की तो चहा पिणारा वर्दीवाला? मी प्रत्येकाकडे बघतो आणि मला प्रत्येक जण तोच वाटतो. अधिकारी संरक्षण देतो म्हणाले, पण ते इथल्याच ठाण्यातून येणार. माझ्या मित्रांची घरं अप्पाची माणसं सगळ्यात आधी शोधतील.

मग मला तुझं घर सुचलं. आपलं बोलणं बंद आहे हे इथे प्रत्येकाला माहीत आहे. केसच्या कागदातही आहे, भाऊजींनी तसं लेखी दिलं आहे, की मेहुण्याशी आमचा संबंध नाही. मला ते वाचून फार लागलं होतं. आज त्याच एका ओळीमुळे तुझ्या दारात तिला शोधायला कुणी येणार नाही. तेव्हा ताई, हे पत्र तुझ्या हातात देऊन जी बाई काही न बोलता उभी आहे, ती चांगुणा आहे. मीच तिला सांगितलं, नाव सांगू नको, पत्र पुरं वाचू दे. आधीच लिहिलं असतं तर तू पुढे वाचलं नसतंस. तिला आत घे. सोमवारी पहाटे मुंबईहून कस्टमच्या अधिकाऱ्यांची गाडी तिला न्यायला येईल, पत्ता फक्त त्यांनाच दिला आहे, त्यांच्याखेरीज कुणाबरोबर पाठवू नकोस, नवऱ्याची खबर आणली म्हणून कुणी आलं तर मुळीच नाही. भाऊजींना पत्र वाचायला दे आणि मग काय ते तुम्ही दोघं ठरवा. मी गुन्हेगार आहे असं तुला अजून वाटत असेल तर वाटू दे, त्याचा निकाल कोर्ट लावील. पण हिने काही केलेलं नाही. कालपासून तिच्या पोटात काही नाही, एवढं बघ.

तुझाच, बोलणं बंद असलं तरी,
शेखर