तिसरे दरपत्रक

दिनांक ५ मार्च

आदरणीय ताई,

सविनय नमस्कार. आपले २६ फेब्रुवारीचे पत्र काल दुपारी मिळाले. खुब्याचे हाड जुळून आले असून आपण काठीच्या आधाराने जिना उतरू लागला आहात, हे वाचून समाधान वाटले. फोनवर आपणांस नीट ऐकू येत नाही, तेव्हा पत्राच्या उत्तरास विलंब करणे योग्य नव्हे, म्हणून लगेच लिहावयास बसलो आहे.

माझी प्रकृती ठीक आहे. सकाळी दूध, नंतर वर्तमानपत्र, नंतर स्वयंपाकाच्या बाई असा क्रम लागला आहे. बाई भाजीत मीठ कमी घालतात. ते त्यांना सांगावे किंवा कसे, याचा निर्णय अद्याप झालेला नाही. पूर्वी अशा गोष्टी घरात परस्पर होत असत.

आपल्या धाकट्या बहिणीच्या शेवटच्या आजारात आपणांस अंथरुणावरून उठता आले नाही, याची खंत आपण पुन्हा लिहिली आहे. त्यात आपला काहीच दोष नाही. निदान तिचा शेवटचा उन्हाळा ज्या खोलीत सुखाचा गेला, तेथे महिनाभर राहावे, अशी आपली इच्छा आहे. खोली आपलीच समजावी. मात्र आपण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येण्याचे योजले आहे, त्याऐवजी १ एप्रिलची गाडी धरल्यास बरे होईल. विजेचे थोडे काम काढले आहे. घरात धूळ होईल.

आपण भेट म्हणून पाठविलेले वातानुकूलन यंत्र नीट आहे ना, अशी विचारणा आपण केली आहे. यंत्र सुस्थितीत आहे. त्यास एक ओरखडाही गेलेला नाही.

एक गोष्ट मात्र समजली नाही. ‘तिला पहाटे पायांवर चादर ओढून घ्यावी लागे’ असे आपण लिहिले आहे. हे आपणांस कोणी सांगितले? सवडीने कळवावे.

आपला नम्र,
धाकटा मेहुणा


दिनांक १४ मार्च

आदरणीय ताई,

सविनय नमस्कार. पाकीट आज मिळाले. आत आपले पत्र, आणि सोबत हिने गेल्या मे महिन्यात आपणांस लिहिलेले पत्र. अक्षर तिचेच आहे. कागद संपला की समासात आडवे लिहीत जाण्याची खोडही तिचीच.

पत्र दोनदा वाचले. त्यातील मजकुराबाबत स्वतंत्रपणे लिहीन.

मीटरपासून नवी वायर ओढून झाली. सोमवारी मेकॅनिक येईल. भिंतीस भोक पाडावयाचे आहे. त्यानंतर खोली पुसून घेतली की आपल्या येण्यास कोणतीच अडचण राहणार नाही.

आपण तिच्यापाशी माझा उल्लेख ‘कवडीचुंबक’ असा करीत होता, हे या पत्रावरून प्रथमच कळले. त्याबद्दल माझ्या मनात राग नाही. ती मात्र या शब्दाला हसली असेल, असे वाटते. बत्तीस वर्षांत तिने तो माझ्यापर्यंत येऊ दिला नाही.

त्या उन्हाळ्यातील तिची आणखी पत्रे आपणांजवळ असल्यास पाठवावीत. वाचून रजिस्टर पोस्टाने परत करीन. जबाबदारी माझी.

आपला नम्र,
धाकटा मेहुणा


दिनांक १९ मार्च

ताई,

या पत्राचे दोन मसुदे फाडले. दोन्हींत मुद्दा शेवटच्या परिच्छेदात गेला होता. म्हणून या वेळी तो आरंभीच लिहितो.

एसी परवा बसला. १७ मार्च रोजी, दुपारी. गेल्या वर्षी नव्हे.

तुमच्या बहिणीने त्याची हवा एक दिवसही अनुभवली नाही.

आता क्रमाने सांगतो. गेल्या एप्रिलच्या आरंभी तुम्ही पाठवलेली दोन खोकी आली, भिंतीवरच्या भागाचे एक आणि बाहेर लावायच्या भागाचे एक. हमालांनी ती घरातल्या बोळात एकावर एक ठेवली. सोबत तुमची चिठ्ठी होती. हिच्या हृदयाला उकाडा सोसत नाही, असे डॉक्टर म्हणतात म्हणून हे पाठवते आहे, आणि शेवटी एक ओळ, ‘बसवण्याचा खर्च तरी त्याला करू दे.’ ती चिठ्ठी तिने लपवायला हवी होती. तिने ती मला वाचून दाखवली, आणि वाचताना स्वतःच हसली.

मला ती ओळ लागली. कोणालाही न सांगितलेली ही गोष्ट आहे. मी मनाशी ठरवले की हा खर्च असा चोख करायचा की तुम्हांला नाव ठेवायला जागा राहू नये. अव्वाच्या सव्वा देऊन मूर्ख ठरायचे नाही, आणि हात आखडूनही नाही.

दुकानाचा मेकॅनिक आला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी थक्क झालो. इमारतीच्या दर्शनी बाजूला यंत्र लावायला मनाई आहे, म्हणून तांब्याची नळी मागच्या भिंतीपर्यंत न्यावी लागणार. दहा फुटांच्या पुढे प्रत्येक फुटाला वेगळा दर. घराची वायर जुनी, तिला हा भार पेलणार नाही, तेव्हा मीटरपासून नवी. तिसऱ्या मजल्यावर दोराने लटकून लोखंडी स्टँड ठोकणाऱ्या माणसाचे वेगळे. सगळे मिळून यंत्राच्या निम्म्या किमतीला येत होते. जाहिरातीत यातले काहीच नसते.

तुम्हांला ठाऊक आहे, मी तीस वर्षे खरेदी विभागात काढली. तीन दरपत्रकांशिवाय टाचण्यांची डबीसुद्धा घेतली नाही. दुसऱ्या मेकॅनिकला बोलावले. त्याचा आकडा कमी होता, पण त्याने नळी आखूड धरली होती आणि स्टँड धरलाच नव्हता. दोन्हींची तुलना होईना. म्हणून मी चौदा बाबींचा एक तक्ता तयार केला आणि दोघांकडून भरून घेतला. तिसरा मेकॅनिक दाढीवाला होता. त्याने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारले, “काका, एसी लावायचाय की धरण बांधायचंय?” तो कागद घेऊन गेला तो परत आला नाही.

मी त्याची वाट पाहत राहिलो.

पैसे नव्हते असे नाही. बँकेत होते, आणि ते कशासाठीही राखून ठेवलेले नव्हते. पहिल्या दोन दरपत्रकांतला फरक साध्या चपलांच्या जोडाएवढा होता. पण तिसरा रकाना रिकामा होता, आणि रिकाम्या रकान्यावर मी आयुष्यात सही केलेली नाही. तोवर पहिल्या दराची मुदत संपली. मेचा दुसरा आठवडा लागल्यावर कोणी मेकॅनिक फोनच उचलेना.

ती कधी भांडली नाही. भांडली असती तर बरे झाले असते, असे आता म्हणणे सोपे आहे. शेजारीण विचारायला आली की ती खोक्यांकडे बोट दाखवून म्हणे, “पाहुणे आलेत कधीचे. पण ह्यांनी अजून बसा म्हटलं नाही.” मग दोघी हसत. मीही हसे. मला ते खरोखरच विनोदी वाटत होते, ताई.

आमची झोपण्याची खोली पश्चिमेची. दुपारी तीननंतर भिंतीला हात लावता येत नसे. तिच्या पावलांवर सूज असे. ती ओला टॉवेल मानेवर घेऊन बोळात येई, कारण तिथली फरशी त्यातल्या त्यात गार, आणि खोक्यांना पाठ टेकून बसे. बोळ अरुंद. मला जायचे असले की तिला पाय आवळून घ्यावे लागत. ती ते घेई आणि मी जाई. असा तिचा शेवटचा उन्हाळा गेला. तुम्ही पाठवलेल्या एसीच्या शेजारी.

एक खोके पुढे तिने खाली उतरवून घेतले आणि त्यावर मेणकापड पसरले. औषधांच्या बाटल्या, चष्मा, निवडायची भाजी, सगळे त्यावरच असे. लिहिणेही. एका दुपारी मी तिला विचारले, काय चालले आहे. ती म्हणाली, “ताईला पत्र. थंडीचं लिहितेय.”

“मे महिन्यात?”

“हो. तिला बरं वाटेल वाचून.”

मला वाटले, मागच्या हिवाळ्यातल्या कुठल्याशा आठवणी लिहीत असेल. मी पुढे काही विचारले नाही. ते पत्र तुम्ही आता मला पाठवले आहे. तुमच्याजवळ ते राहिले नाही, म्हणून त्यातला भाग इथे उतरवून देतो:

‘ताई, तुझा एसी लागला ग एकदाचा. ह्यांनी एका रविवारात सगळं उरकून टाकलं. मेकॅनिकशी एक शब्द घासाघीस नाही, मीच बघत राहिले. तू उगाच त्यांना कवडीचुंबक म्हणतेस. आता खिडकी बंद असते, त्यामुळे रस्त्यावरचा आवाज येत नाही आणि ह्यांचं घोरणं मात्र स्पष्ट ऐकू येतं, एवढाच काय तो त्रास. पहाटे पायांवर चादर ओढून घ्यावी लागते. इतकं सुख मला सोसेल की नाही कोण जाणे.’

हे तिने खोक्यावर कागद ठेवून लिहिले. मी हाकेच्या अंतरावर वर्तमानपत्र वाचत होतो.

जूनच्या अखेरीस हवा बदलली. मी म्हणालो, आता पुढच्या वर्षी निवांतपणे करू, मोसम नसताना दरही उतरतात. ती म्हणाली, “हो, घाई कसली.” डिसेंबरात ती गेली. उकाड्याचा त्याच्याशी काही संबंध होता का, हे मी डॉक्टरांना विचारले. ते नाही म्हणाले. मी आणखी दोनदा जाऊन विचारले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, “नाही हो. पण तुम्हाला दुसरं उत्तर हवंय का?”

परवा मी पहिल्याच मेकॅनिकला बोलावले. दर विचारला नाही. काम साडेतीन तासांत झाले. साडेतीन तास, ताई. शेवटी त्याने यंत्रावर चिकटवायचा छोटा कागद काढला, बसवल्याची तारीख लिहायचा, म्हणजे सर्व्हिसिंगच्या वेळी उपयोगी पडतो, आणि विचारले, “कुठली तारीख टाकू?” त्याच्या मनात काही नव्हते. त्याच्या हातात पेन होते. गेल्या वर्षीचा एखादा रविवार सांगितला असता तर त्याने मुकाट्याने लिहिला असता. तुम्ही आला असता, गार खोलीत झोपला असता, तो कागद वाचला असता. तिने शब्द दिला होता, तो मी पाळला असता. तिचे खोटे खरे करण्याची तेवढी एकच संधी मला होती, आणि मी ती घ्यावी, असे मला फार मनापासून वाटले.

मी खरी तारीख सांगितली. प्रामाणिकपणाचा टेंभा मिरवण्यासाठी हे लिहीत नाही. पाच तारखेच्या पत्रात ‘यंत्र सुस्थितीत आहे’ असे मीच लिहिले, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. अशा खरेपणाची किंमत मला कळून चुकली आहे.

कारण वेगळे आहे. ती त्या बोळात कशी बसत होती, हे पाहिलेला माणूस आता एकटा मीच उरलो आहे. मी गप्प राहिलो, तर तिचा तो उन्हाळा कोणालाच माहीत नसल्यासारखा होईल. ती सुखात होती, असे सगळ्यांनी म्हणायचे, आणि मीही त्यात मान डोलवायची. ते मला जमले नाही. तुमचा तेवढा एक आधार मी काढून घेतला आहे, याची मला पूर्ण जाणीव आहे. तो काढून घ्यायचा अधिकार मला होता की नाही, हे ठरवता येत नाही.

मेकॅनिकने यंत्र चालवून दाखवले. हवा अगदी चांगली गार आहे. तो गेल्यावर मी ते बंद केले. त्यात बसणे मला शक्य झाले नाही. तुम्ही आलात तर ते तुमच्यासाठी चालू राहील. मी पुढच्या खोलीत झोपतो. तुम्हांला माझ्याशी बोलावे लागेल, असे नाही. जेवण बाई करतील.

१ एप्रिलला तुमची गाडी सकाळी सव्वानऊला येते. मी नऊपासून फलाटावर असेन. हे पत्र वाचून तुम्ही यायचे नाही असे ठरवलेत, तर तसे कळवण्याची तसदी घेऊ नका. गाडी सुटून जाईपर्यंत मी उभा राहीन आणि मग परत येईन.

तिने ज्याची लाज राखली, तो
तुमचा मेहुणा