म्हाळसाची डेंटलची परीक्षा आणि मी

१ जानेवारी १९९०, सकाळी

कंपनीनं दिलेली डायरी आजपासून वापरात. मागच्या तीन वर्षांच्या कोऱ्याच राहिल्या, त्याला कारणं होती.

संकल्प एकच. म्हाळसाला दाताची डॉक्टर करायचं. पोरगी बारावी सायन्सला आहे, हुशार आहे, फक्त तिला दिशा नाही. दिशा मी देणार. मे महिन्यात ऑल इंडियाची परीक्षा असते, डॉक्टरकीला आणि दाताला एकच. डॉक्टरकीला लई गर्दी, दाताला त्यामानानं कमी. शिवाय आपलं औरंगाबादचं, घाटी दवाखान्याजवळचं डेंटल कॉलेज घरापासून सायकलवर अठरा मिनिटं. मी घड्याळ लावून जाऊन आलो. म्हणजे पोरगी सकाळी कॉलेजला, संध्याकाळी घरी, आणि ताटं दोघांची बरोबर. पाच वर्षं काळजी नाही.

टाइमटेबल भिंतीला चिकटवलं. पहाटे पाच ते सात अभ्यास, दोघांचा. आप्पा, तुम्ही कशाला, असं म्हणाली. म्हटलं, सोबत. त्यावर ती गप्प झाली. फार आनंद झाला की माणूस गप्प होतो.

२ जानेवारी

पाचला उठायचं होतं, साडेसहाला उठलो. गजर बिघडला असावा. म्हाळसा म्हणाली, मी चारलाच उठले होते, गजर मीच बंद केला, तुम्हाला झोपू दिलं. माझी किती काळजी! उद्यापासून घड्याळ माझ्या उशाशी.

९ जानेवारी

घड्याळ उशाशी ठेवून उपयोग झाला नाही. उशी बदलली पाहिजे.

बायोलॉजीचं पुस्तक इंग्रजीत आहे. माझी जुनी मॅट्रिक, तीपण गावाकडची, पिशोरची. तिथं इंग्रजी होतं, पण वेगळं होतं. तरी दातांचा धडा लगेच उलगडला, कारण दात हा आमचा घरचा विषय. आम्ही धनगर. मेंढीचं वय दातावरून ओळखायला मी शाळेच्या आधी शिकलो. दुधाचे दात असले तर आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि आठ आले की जुळली. माझे वडील, आबा, तर न बघता नुसतं बोट घालून सांगतात. म्हाळसाला म्हटलं, डेंटल तुझ्या रक्तात आहे. ती म्हणाली, आप्पा, मेंढीला वरचे पुढचे दातच नसतात. म्हटलं, तेवढा फरक सोडून बोल.

२३ जानेवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कंपनी वाळूजला नवा प्लांट टाकते आहे. तिथल्या स्टोअरचा मुख्य म्हणून जातोस का, पाच माणसं हाताखाली. मी उभ्या उभ्या नाही म्हटलं. रोजचे अडीच तास जाण्यायेण्यात गेले तर पोरीचा अभ्यास कोण घेणार? साहेब म्हणाले, त्रिंबक, आठवडाभर विचार कर. म्हटलं, झालेला आहे.

घरी सांगितलं तर म्हाळसा ताडकन उठली. आप्पा, जायचं होतं ना! माझा अभ्यास मी करते की! म्हटलं, बापाचा त्याग पोरांना उशिरा कळतो. ती खोलीत गेली आणि दार लावून बसली. त्या खोलीचं दार आजवर कधी लावलेलं नव्हतं. थंडी पडली आहे यंदा.

११ फेब्रुवारी, रविवार

पिशोरला जाऊन आबांकडून मेंढ्याचा जबडा आणला. पूर्ण जुळलेला, धुऊन उन्हात वाळवलेला. प्रत्यक्ष वस्तू हातात असली की अभ्यास पक्का होतो. आबा म्हणाले, आरं मुडद्या, पोरीला दात काय दावतो, तिला इचार तिला काय व्हायचंय. म्हटलं, विचारलंय. (विचारलेलं नाही. पण तिचं उत्तर मला माहीत आहे.)

एसटीत शेजारच्या बाईनं पिशवीत काय म्हणून बघितलं आणि औरंगाबादपर्यंत उभी राहिली. मी ऐसपैस आलो.

गल्लीत शिरतो तर जैतुनबी दारात. त्या, त्यांचा मुलगा कय्युम आणि आम्ही, भिंतीला भिंत लागून. बारा वर्षं झाली. त्यांनीपण पिशवीत डोकावलं. क्या भाई, शोरबा बनारै क्या? इसपे तो गोश्तच नै. म्हटलं, एज्युकेशन आहे. त्या म्हणाल्या, हौ, और बच्ची खाना खाई क्या? हे मी विचारलं नव्हतं. घाईत होतो.

जबडा म्हाळसाच्या टेबलावर मधोमध ठेवला. संध्याकाळी तो मोरीच्या फळीवर होता. वास येतो म्हणाली. मला तर येत नाही.

१८ फेब्रुवारी

आज सराव परीक्षा. पोरीला कुठं अडेल ते समजावं म्हणून मीपण पेपर सोडवला. दोनशेपैकी उणे चार. चुकलेल्या उत्तराला मार्क कापतात, ही पद्धत साफ अन्यायाची आहे. म्हाळसाला एकशे एकसष्ट पडले. म्हटलं, बघ, सोबतीचा फायदा. ती हसली. लई दिवसांनी हसली, म्हणून मी लगेच दुसरा पेपर सोडवला. उणे अकरा.

२६ फेब्रुवारी

क्रांती चौकात नामांतराचा मोर्चा. कंपनीची बस अलीकडंच पाऊण तास अडकली. बसमध्ये दोन्ही बाजूंची माणसं, जोरजोरात बोलत होती. मी कोणत्याच बाजूनं बोलत नाही, त्यामुळं माझ्याशीपण कुणी बोलत नाही. बरं असतं ते.

खिडकीतून बघतो तर मोर्चात हुबेहूब म्हाळसासारखी एक मुलगी, हातात फलक. म्हाळसा तर घरी केमिस्ट्री करत होती. गंमत म्हणून तिला सांगितलं. ती म्हणाली, मीच होते, मैत्रिणीबरोबर गेले होते. ठराव होऊन बारा वर्षं झाली, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायला अजून किती वाट बघायची लोकांनी? आप्पा, तुमचं मत काय?

म्हटलं, माझं मत परीक्षेनंतर.

ठराव झाला त्या साली मी काय काय बघितलं आणि गप्प बसलो, ते तिला माहीत नाही. इथं लिहायचंपण कारण नाही.

२९ मार्च

बोर्डाची परीक्षा संपली. म्हाळसा आता मैत्रिणीकडं अभ्यासाला जाते. सकाळी जाते ती दुपारी येते. घरात एवढी सोय असताना! आज सुट्टी होती. मी एकट्यानंच दोन तास पुस्तक उघडून बसलो. एकटं वगैरे वाटलं नाही. रेडिओ लावला होता. मग दुसरं स्टेशन लावलं. मग परत पहिलं. वरणात मीठ घालायचं राहिलं होतं, पण सांगणार कुणाला.

१२ एप्रिल

स्टोअरमध्ये प्रॅक्टिकल घेतलं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना तोंड उघडायला लावलं. कडुबा फिटर सहादाती निघाला. तसं मोठ्यानं सांगितलं तर चिडला, म्हणाला, मी काय बाजारात उभा आहे का? आता तो डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसतो. बाकीचेपण तिकडंच बसले. इकडं हवा चांगली लागते.

१३ मे, पुणे

परीक्षेचा दिवस. बेत असा होता, की एसटीत शेवटची उजळणी घ्यायची, केंद्रावर लिंबू-सरबत द्यायचं, धीर द्यायचा. झालं असं, की अहमदनगरच्या अलीकडं मला मळमळायला लागलं. म्हाळसानं माझं डोकं धरलं, पाणी दिलं, लिंबू हुंगायला दिलं आणि एवढं सगळं करून वेळेत केंद्रावर पोचली. मी बाहेर झाडाखाली आडवा. तिथं बरेच बाप होते. त्यांना मेंढीचे दात समजावून सांगितले. पंधरा-वीस मिनिटांनी झाडाखाली फक्त मी उरलो. उन्हं कलली होती म्हणून गेले असतील.

बाहेर आली तेव्हा म्हटलं, कसा गेला? बरा गेला म्हणाली. तेवढंच. परतीला सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती. मी थोपटायला हात उचलला आणि तसाच ठेवला. ती आता मोठी दिसते.

३० जून

पास! नुसती पास नाही, दाताला सहज नंबर लागेल असा क्रमांक. पत्र तीन वेळा वाचलं. मग रडलो. म्हाळसाची आई, बानाबाई, गेली तेव्हासुद्धा पोरीसमोर रडलो नव्हतो. म्हाळसा पाया पडली आणि म्हणाली, आप्पा, गप्प बसा ना. पण तीच रडत होती.

पेढे कय्युमनं आणले. खरं मी आणायला पाहिजे होते. जैतुनबींनी पोरीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

४ जुलै

आता कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म. माझं अक्षर चांगलं म्हणून नमुना मी तयार केला. एक, औरंगाबाद. दोन, औरंगाबाद न मिळाल्यास पुढच्या वर्षी औरंगाबाद. म्हाळसानं वाचला, घडी घातली, म्हणाली, ठीक आहे आप्पा, पक्का मी भरते. हेड पोस्टात जाऊन स्वतः टाकला. जबाबदारी शिकते आहे.

तिच्यासाठी सायकल बघून ठेवली. लेडीज, हिरवी.

१६ ऑगस्ट

पत्र आलं. नागपूर. चूक झालेली आहे.

२० ऑगस्ट

रजा टाकून आपल्या कॉलेजच्या ऑफिसात गेलो. क्लार्क भला माणूस होता, खुर्ची दिली, कागद नीट वाचले. म्हणाला, या क्रमांकाला इथंपण मिळालं असतं, मागितलं असतं तर. मी त्याला दिल्लीच्या ऑफिसात अशा चुका कशा होतात ते अर्धा तास समजावलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, काका, घरी एकदा बोला.

बोललो. म्हाळसा भाकऱ्या करत होती. तवा उतरवला आणि समोर बसली. आप्पा, मी औरंगाबाद लिहिलंच नव्हतं. एक, दोन, तीन, कुठंच नाही. म्हटलं, का? ती म्हणाली, घरात माझ्याशिवाय तुम्हाला दुसरं काहीच उरलं नाय. वाळूज तुम्ही माझ्यासाठी सोडलं. सकाळी डोळा उघडला की तुम्ही पुस्तक धरून समोर. मला त्याचं लई ओझं होतं आप्पा. मी इथंच राहिले तर तुमचं असंच चालायचं.

तिचे शब्द जसेच्या तसे उतरवून ठेवले आहेत, म्हणजे सावकाश तपासता येतील. माझ्या मते परीक्षेचा ताण अजून उतरलेला नाही.

सायकलवाल्याला नाही सांगून आलो.

२ सप्टेंबर

म्हाळसा गेली. स्टँडवर सूचना देणार होतो, यादी केलेली होती. यादी दुसऱ्या शर्टाच्या खिशात राहिली. नीट जा, एवढंच म्हटलं. गाडी सुटल्यावरपण बराच वेळ फलाटावर थांबलो, कारण गर्दी होती.

१० सप्टेंबर

नवीन टाइमटेबल: व्यायाम, वाचन, स्वयंपाक शिकणे. आज यांपैकी काही नाही. पत्र नाही. नागपूरचं टपाल हळू असतं.

१९ सप्टेंबर

रजा. अंग दुखत होतं. पोस्टमन येतो तेव्हा सहज दारात उभा होतो. निळं अंतर्देशीय, नागपूरचा शिक्का, म्हाळसाचं अक्षर. हात पुढं केला. पोस्टमन म्हणाला, तुमचं नाही, शेजारचं.

पत्र जैतुनबींना होतं. म्हाळसा त्यांना खाला म्हणते, म्हणजे मावशी. त्यांना उर्दू वाचता येतं, मराठी अक्षर नाही, आणि कय्युम दुसऱ्या पाळीला गेलेला. म्हणाल्या, भाई, तुमच पढ देव. त्यांच्या ओट्यावर बसलो आणि वाचायला लागलो. खाला, हॉस्टेल बरं आहे, मेसची भाजी पाणचट आहे, कय्युमभाईला सलाम. पुढं असं होतं:

"खाला, आप्पांना जेवायला हाक मारत जा. ते एकटं जेवायची सवय आहे म्हणतील. त्यांना नाही सवय. आई गेल्यापासून ते कुणाशी बोललेच नाहीत, माझ्याशीसुद्धा फक्त अभ्यासाचं बोलले. मी त्यांना रोज पत्र लिहायला घेते आणि फाडते. आठवण येते एवढं जरी लिहिलं तरी ते नोकरी सोडून इकडं येतील, आणि मग माझ्याच्यानं त्यांना परत जा म्हणवणार नाही. यातलं त्यांना काही सांगू नका."

मी मोठ्यानं वाचलं ते असं, की आप्पा मजेत असतील, त्यांना पहिल्यापासून शिस्त आहे, सगळ्यांना नमस्कार. जैतुनबींनी डोळे पुसले. म्हणाल्या, एक बार और पढो भाई, बच्ची सामने बैठी वैसा लगता.

परत पहिल्यापासून सुरू केलं. खाला, हॉस्टेल, मेस, सलाम. तिथं आलो आणि मघाशी मी काय रचून सांगितलं होतं ते आठवेना. लई आठवून बघितलं. जैतुनबी वाट बघत होत्या. मग जे लिहिलं होतं तेच वाचलं, शेवटपर्यंत.

त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घालून फळीवर ठेवलं, आणि काही न विचारता ताट वाढून आणलं. ज्वारीच्या दोन भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. त्यांच्या ओट्यावरच बसून जेवलो. तिसरी भाकरी मागून घेतली.