क्वार्टर नंबर तेवढा राहिला

१२ नोव्हेंबर २००७, सोमवार. शिरूर

रविवारची दुपार, दौंडच्या लोको शेडमागचा राखेचा ढीग, कुसुम आणि मी. दहा-अकरा वर्षांच्या असू. इंजिनातून ओढून काढलेली राख अजून कोमट. त्यातून अर्धे जळके कोळसे वेचायचे, फुंकर मारायची, दप्तरात टाकायचे. दप्तर तिचं. माझ्या दप्तराला आई रोज हात लावायची, म्हणून. कुसुमच्या नाकावर काळा ठिपका आणि मला हसू आवरत नाहीये, एवढंच खरं तर स्वच्छ आठवतं. बाकीचं त्याच्याभोवती आपोआप गोळा झालं.

तेच लिहून आज 'ओट्या'वर टाकलं. गेल्या वर्षीच्या दिवाळीत मुग्धाने बंगलोरहून येऊन मला ब्लॉग काढून दिला आणि नेटवरच्या या ओटा मंडळात माझं नाव घातलं. म्हणाली, आई, इथे सगळे तुझ्यासारखेच आठवणी काढत बसतात. तेव्हापासूनचं हे अठरावं टिपण. शेवट सोमवारवर केला. कोळशाने वह्या काळ्या झाल्या म्हणून कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी तिला वर्गाबाहेर उभं केलं, आणि ती खिडकीतून माझ्याकडे बघून हसली. छान जमला.

कुसुमचं नाव बदलून मालती केलं. तेवढी काळजी घेतली.

हे म्हणाले, "कोळशावर काय लिहितेस? सोन्यावर लिही, चार बायका तरी वाचतील."

नंतर वीज गेली. प्रतिक्रिया उद्या बघेन.

१४ नोव्हें., बुध.

एकतीस प्रतिक्रिया! माझ्या कुठल्याच टिपणाला दहाच्या वर आल्या नव्हत्या. 'पानगळ' नावाने लिहिणारी नाशिकची एक बाई, एरवी फक्त पाककृती टाकते. तिने आज तिच्या आईबद्दल लिहिलं. आई दुसऱ्यांकडे भांडी घासायची, हे आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं म्हणे. वाचून डोळे भरले. माझ्यामुळे कुणाला बोलावंसं वाटलं.

केंदूरच्या आप्पांचीही आली. एस.टी.त कंडक्टर होते, आता शेती बघतात. नातीच्या कॉम्प्युटरवर दोन बोटांनी टाइप करतात आणि बोलतात तसंच लिहितात. "ताई, लिवलंय झ्याक. पर त्या मालतीबाईंना इचारलं व्हतं का?"

खाली लगेच कुणीतरी, "आप्पा, इथंही तिकीट तपासायला आलात का?" मग दुसरा, "ठरलं! यापुढे बालपण आठवायचं ते आप्पांची परवानगी काढूनच." मला हसू आलं. मी त्याखाली हसरा चेहरा टाकला.

आप्पांना उत्तर दिलं नाही. विचारायचं काय त्यात? नाव बदललंय की.

१७ नोव्हें., शनि.

सकाळी अमेरिकेतून एका गृहस्थांची प्रतिक्रिया. "ताई, मी १२१ चा. तुमची मालती म्हणजे ११७ ची कुसुम ना? खलाशीकाकांची? तिची आई कशी आहे?"

माझंच टिपण उघडून वाचलं. दुसऱ्याच ओळीत, 'एकशे सतरा नंबरच्या क्वार्टरमधली मालती.'

रेल्वे कॉलनीत आडनावं फक्त पगारपत्रकावर असायची. बाकी सगळे नंबर. एकशे सतराची कुसुम, एकशे चारची म्हातारी, अठ्ठ्याऐंशीचं कुत्रं. कुसुमचे वडील लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे हरकामे मजूर; पण आम्हा गार्डच्या मुलांनासुद्धा नंबरनेच हाका. नाव बदललं आणि नंबर तेवढा राहिला. बाहेरच्या माणसाने तो पत्ता म्हणून वाचला असता. कॉलनीतल्या माणसाला नावच नको होतं.

नंबर खोडला. त्या गृहस्थांची प्रतिक्रिया मात्र राहू दिली. काढली तर त्यांना वाईट वाटेल.

कु.ला फोन करून सांगावं का? ती कुठे बघते नेटवर.

२३ नोव्हें., शुक्र.

कु.चा नेहमीचा शुक्रवारचा फोन. आवाज वेगळा. शाळा तपासणीच्या दिवशी असायचा तसा. (दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, पण तो आवाज गेलेला नाही.)

तिची सून रोज शटलने पुण्याला नोकरीला जाते. तिच्या ऑफिसात कुणीतरी हे टिपण दाखवलं. तिने खालच्या प्रतिक्रियेतलं नाव वाचलं, हरखली, छापून घरी आणलं. आल्या आल्या आक्काला, म्हणजे कु.च्या आईला, मोठ्याने वाचून दाखवलं. कौतुकानेच.

"मी भाकरी टाकत होते. मला उमजेपर्यंत ती शेवटच्या ओळीवर आली होती."

"मग?"

"आक्काला माहीत नव्हतं, शैले."

"काय?"

"वर्गाबाहेरचं."

आणि मला आठवलं. कॉलनीच्या पाण्याच्या टाकीमागे तिने माझा हात धरला होता. आईला कळता कामा नये. कळलं तर ती कोळसे आणू देणार नाही, मग चूल कशावर पेटवणार? कुणालाच सांगू नकोस. मी शपथ घेतली होती, गळ्याला चिमटा घेऊन. राखेची ऊब आठवली, नाकावरचा ठिपका आठवला, तेवढं एकच आठवलं नाही.

म्हणाली, "तुझ्यासाठी तो खेळ होता गं."

मी विचारलं, "काढून टाकू का?"

"मी काढ म्हणत नाही. तुझं तू बघ." फोन ठेवला.

आक्का चौऱ्याऐंशीची आहे. पन्नास वर्षं मुलीने तिच्यापासून जपलेली गोष्ट मी छान शेवट म्हणून वापरली.

२४ नोव्हें., शनि.

सकाळी उठून माफीचं टिपण लिहिलं. दोन पानं. सगळं आलं, शपथसुद्धा. पाठवायच्या आधी आप्पांना मेल केली की तुम्ही बरोबर होतात, तुमची टिंगल होत होती आणि मी हसरा चेहरा टाकला, त्याबद्दल क्षमा करा.

उत्तर नाही आलं. दुपारी आप्पाच आले! बाजाराला शिरूरला आलेच होते, नातीने फोनवरून मेल वाचून दाखवली, खालच्या पत्त्यासकट. पांढरी टोपी, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

"क्षमा-बिमा र्‍हाऊ द्या. चाळीस वर्सं गाडीत शिव्या खाल्ल्यात, तिकिटाचं काय घिऊन बसलात," म्हणाले. यांच्याशी त्यांचं लगेच जमलं. दोघं कांद्याच्या भावावर अर्धा तास.

मग मी त्यांना माफीचं टिपण वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ताई, रागावणार न्हाई ना?"

"नाही."

"ही माफी कुनासाठी हाय? मैत्रिणीसाठी का ओट्यासाठी?"

मी हातातली पानं दुमडली.

"ओट्यावर टाकली म्हंजी ज्यानं वाचलं नव्हतं त्यो बी वाचंल. काय झालं, कसं झालं, समद्यास्नी पुन्यांदा कळंल. लोकं तुमाला म्हनतील, वा, किती मोठ्या मनाच्या. आन् त्या बाईचं काय?"

हे आतून म्हणाले, "आप्पा, तुम्ही कंडक्टर कसले, वकील व्हायला हवे होतात."

"वकील आस्तो तर पैसं घेतलं आस्तं की वो!"

आप्पा गेल्यावर टिपण पुन्हा वाचलं. दोन पानांत 'मी' किती वेळा आलं ते मोजायला घेतलं, मग सोडून दिलं. पाठवलं नाही.

२६ नोव्हें., सोम.

टिपण काढायचं ठरवलं, पण ओट्यावर एक रीत आहे. कुणी प्रतिक्रिया दिल्यावर टिपण परस्पर काढायचं नाही, कारण त्याबरोबर दुसऱ्यांचं लिहिलेलंही जातं. आधी सूचनाफळ्यावर आठ दिवसांची नोटीस लावायची, म्हणजे ज्याने त्याने आपापलं उतरवून घ्यावं. मला नेहमी ही रीत जास्तच कडक वाटायची. आज तीच उपयोगी पडली, कारण न सांगता काढता येतं, आणि तीच नडली. आठ दिवस ते तिथे राहणार.

अमेरिकेतल्या गृहस्थांना तेवढं वेगळं लिहिलं की नाव असलेली तुमची प्रतिक्रिया आजच काढते आहे. त्यांचं लगेच उत्तर आलं, "माझ्या लक्षातच आलं नाही, ताई. आनंदाच्या भरात लिहिलं." माझंही तसंच झालं होतं, असं त्यांना कळवलं.

नोटिशीत एकच ओळ. 'टिपण ४ डिसेंबरला काढत आहे.' कारण लिहिलं नाही.

३० नोव्हें., शुक्र.

एकूण अठ्ठावन्न प्रतिक्रिया. चाळिसेक जण फळा बघतच नाहीत. त्यांना त्यांचं त्यांचं लिहिलेलं मेलने पाठवते आहे, प्रत्येकाला फक्त त्याचंच. दिवसाला सात-आठ होतात. डोळे दुखतात.

नाराजी सुरू झाली. "टाळ्या घेतल्या आणि पडदा पाडला," असं एकाने फळ्यावर लिहिलं. आप्पांची टिंगल करणाऱ्यांपैकीच एक, "निदान कारण सांगण्याचं सौजन्य असावं." सौजन्य! उत्तर लिहिलं, पुसलं. पानगळने फक्त विचारलं, "माझं काही चुकलं का?" तिला लगेच फोन केला. म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. माझ्याकडून दुसऱ्या कुणाला दिलेला शब्द मोडलाय. ती म्हणाली, बरं. आणखी काही विचारलं नाही. चांगली बाई.

शुक्रवार असून कु.चा फोन नाही.

४ डिसेंबर, मंगळ.

पहाटे उठून टिपण काढलं. 'नक्की काढायचं का?' असं कॉम्प्युटर दोनदा विचारतो.

मग आठच्या एस.टी.ने दौंड. कु.ला न कळवता. कळवलं असतं तर नको म्हणाली असती.

आक्का अंगणात उन्हाला बाजेवर, लसूण सोलत. नजर अधू झालीय, हात चालतात. मला आवाजावरून ओळखलं. "ये बाय. बस." कु. दारात आली, मला बघितलं, चहा टाकायला आत गेली.

मी तयारी करून गेले होते. आक्का, माझं चुकलं, वगैरे. तिने ते सुरूच होऊ दिलं नाही.

"शैली, तू साळंत हिच्या शेजारी बसायचीस न्हवं?"

"हो, आक्का."

"मंग तुला ठावं आसंल. ही काय बोलंना. किती येळ हुबी क्येली व्हती पोरीला?"

"एक तास असेल."

आक्काने लसणाची पाकळी हातात तशीच धरली. "एकदाच ना?"

कु. चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. माझ्याकडे बघत होती.

मी टिपणात 'एका सोमवारी' असं लिहिलं होतं. खरं म्हणजे ते शाळा सुरू झाल्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत होतं. दर सोमवारी. आणि ती खिडकीतून हसली नव्हती. तेही मीच घातलं होतं.

म्हटलं, "एकदाच, आक्का. दुसऱ्या दिवशी सिस्टरनीच तिला नवी वही आणून दिली."

"दिली व्हय?"

"हो. लाल पुठ्ठ्याची."

"मंग बाई वाईट न्हवती म्हनायची." आणि पुन्हा लसूण सोलायला लागली. थोड्या वेळाने, "पर येकदा तरी सांगायचं की गं," असं कुणाकडेच न बघता.

अशी कुठली वही नव्हती. मोरल सायन्सच्या पेपरात याला किती गुण मिळाले असते कोण जाणे.

कु.ने माझ्यापुढे चहा ठेवला. स्टँडपर्यंत आली नाही. दारातूनच म्हणाली, "पोचलीस की मिस्ड कॉल दे."

दिला. मिस्ड कॉलला उत्तर येत नसतंच.

६ डिसें., गुरु.

कु. आज दादरला असेल. दर वर्षी जाते, निवृत्त झाल्यापासून दोन दिवस आधीच तयारी. म्हणजे उद्याही ती दमलेली असणार, फोन नाही आला तर त्याचा अर्थ लावायचा नाही.

हे म्हणाले, "तू हल्ली काही लिहीत नाहीस?" म्हटलं, वहीत लिहिते.

"मग आम्ही कसं वाचायचं?"

"वाचायचंच नाही."

९ डिसें., रवि.

नाताळात मुग्धा येईल तेव्हा सगळं मार्गी लावायचं. मधे माझं काही कमीजास्त झालं तर तिला कळावं, म्हणून नीट लिहून ठेवते.

पानगळला तिची प्रतिक्रिया छापून टपालाने. तिला कॉम्प्युटरमधलं आपलं वाटत नाही. जाड कागदावर छाप.

अमेरिकेतल्या गृहस्थांना काही पाठवायचं नाही. त्यांनी आक्काची चौकशी केली होती, तेवढंच उत्तर दे, बऱ्या आहेत. पत्ता, फोन देऊ नकोस.

जानेवारीत ओट्यावर महिन्याचा विषय देण्याची पाळी माझी आहे. ती केंदूरच्या आप्पांना. मी मंडळाला कळवलंय, कुणी खळखळ केली तर तू बोल.

माफीची दोन पानं कुणालाच नाहीत. ती मी आजच फाडते.

ब्लॉगचा पासवर्ड तुला. बाकीची सतरा टिपणं एकदा वाच आणि ज्यांच्याबद्दल आहेत त्यांना विचार. मामाला, शेजारच्या वहिनींना, तुझ्या बाबांनाही. जे नको म्हणतील ते काढ. आठ दिवसांची नोटीस लावून.

राखेवरच्या त्या टिपणाची एकच छापील प्रत माझ्याकडे आहे. ती, आणि या वहीतली १२ नोव्हेंबरपासून आजपर्यंतची पानं कापून, एका पाकिटात घालून कुसुमला. वहीच्या पानांत 'दर सोमवारी' लिहिलेलं आहे, हे तिला आधी सांगायचं, म्हणजे ती पाकीट घरात कुठे ठेवायचं ते ठरवेल. जाळावं, ठेवावं, कधी कुणाला वाचायला द्यावं, सगळं तिच्यावर. तू काही सुचवू नकोस.

टपालाने नको, हातात द्यायचं. परवाही तिचा फोन आला नाही. या शुक्रवारी आला, आणि तिने ये म्हटलं, तर मीच घेऊन जाईन.