विरळणी

३ जुलै
ट्रंकेचं एक टोक माझ्या हातात, दुसरं कडूबाईंच्या, आणि जिन्याच्या वळणावर ती अडकली. कडूबाई घरमालकीण. वय साठीच्या पुढे, पण जास्त वजन त्यांनीच पेललं. आत दगड भरलेत का, असं त्यांनी विचारलं. गोष्टी आहेत म्हणालो. हसल्या. "इतकं लिवलं सर, मग पुस्तक कुठंय?"

पुस्तक नाही. अकरा अर्धवट कथा आहेत. एक लिहायला घेतली की दुसरी आडवी येते. कॉलेजातून वीस दिवसांची रजा काढून हर्सूलला ही खोली घेतली, ती एकच कथा पुरी करण्यासाठी. पलंग, टेबल, खुर्ची. खिडकीतून फुलंब्रीचा रस्ता दिसतो. बरं वाटतं आहे. इथे होईल.

५ जुलै
सकाळी चंपाबाईची फाइल काढली. खुलताबादच्या चढावर सीताफळं विकणारी बाई. चार ओळी होतात तोच साहेबराव, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर, मध्ये बोलू लागला. त्याची काढली तर रूपा आली. दुपारपर्यंत अकराही जण बोलत होते. एक पान झालं नाही.

कडूबाई संध्याकाळी फुलंब्रीहून, शेतातून परतल्या. नखांत माती. कपाशीची विरळणी चालू आहे. एका जागी दोन बिया टाकतात. दोन्ही उगवल्या तर एक रोप उपटतात. मी माझी अडचण सांगितली. या वेळी त्या हसल्या नाहीत.

"एका जागी दोन ठेवली तर एकबी लागत नाय, सर. उपटायचं. जीव लावून बसायचं नाय."

नुसतं खुडून भागत नाही, पुन्हा फुटतं, मुळासकट काढावं लागतं, असंही म्हणाल्या.

६ जुलै
फायली फाडून उपयोग नाही. माणसं डोक्यात राहतात. एकेकाचं मरण लिहायचं ठरवलं. ठेवायचा फक्त नानासाहेब. गंगापूरकडचा बागायतदार. दरवर्षी भावाचा बांध वीतभर कोरतो, आणि शेवटी भावाला विहिरीत ढकलून वरून दगड टाकतो. अकरा जणांत तो सगळ्यांत कमी बोलतो, म्हणून निवडला.

चंपाबाईपासून सुरुवात केली. जीपचं मागचं चाक तिच्या छातीवरून नेलं. लिहिताना बरगड्या मोडल्याचा आवाज आला. स्पष्ट. मग डोक्यात एक जागा मोकळी झाली, आणि नानासाहेबाची चार पानं झाली. एका दिवसात चार पानं गेल्या नऊ वर्षांत झाली नव्हती.

८ जुलै
दोन दिवसांत आणखी सहा संपवले. पाच जण एकेका ओळीत गेले. साहेबरावला वेळ लागला. त्याचं डोकं स्टिअरिंगवर तीनदा आपटलं तरी तो माझ्याकडे पाहत राहिला. चौथ्यांदा कवटी फुटली. टेबलावर रक्त होतं. माझं नाही, अंग तपासलं. ते पुसलं आणि लिहायला बसलो. अकरा पानं. चांगली पानं.

९ जुलै
दोन. एकाला कुऱ्हाडीने, एकीला जाळून. केसांचा वास अजून खोलीत आहे. पंधरा पानं.

१० जुलै
शेवटची रूपा. एकोणीस वर्षांची, नर्सिंग शिकणारी. तिने विनवणी केली नाही. ओढणीने गळा आवळला तेव्हा तिने माझ्या मनगटाचा लचका तोडला. वाक्य पुरं होईपर्यंत मी पेन सोडलं नाही.

कडूबाईंनी जखम पाहिली. कुत्रं चावलं का विचारलं. घाटीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्या म्हणाल्या. हो म्हणालो. गेलो नाही.

डोक्यात आता एकच आवाज आहे.

११ जुलै
बावीस पानं. नानासाहेब थांबत नाही. मी लिहितो त्याच्या आधीच पुढच्या ओळीवर गेलेला असतो. सकाळी पलंगाची भिंतीकडची बाजू कोमट होती. डब्यातली एक भाकरी कमी.

१२ जुलै
पलंगावर मला वीतभर जागा उरली आहे. मोजली.

दुपारी खुर्चीत तो बसला होता. मी पलंगाच्या कडेला. खोलीकडे पाहत तो म्हणाला, "इथं दोघं कशाला?"

१३ जुलै
दहा जणांची जागा त्याला दिली. मीच दिली. आता त्यालाही — नाही तर तो —

दार उघडत नाही. कडीवर त्याचा हात आहे. कडूबाईंना हाक मारली. त्या शेतात असतील.

लिहायला घेतलं. नानासाहेब विहिरीच्या काठावर उभा, पाठमोरा —

पेन त्याने धरलं. माझी दोन बोटं मोडली. तीन. डाव्या हाताने लिहितो आहे.

काठावर उभा, मागून मी —

मागून तो. दगड त्याच्या —

१४ जुलै
सकाळी सहाला नळ आला. टाकी भरून घेतली. फरशी धुतली. तिसऱ्या बादलीला पाणी स्वच्छ निघालं. कडूबाई वर आल्या. सर कुठं, विचारलं. गावाकडं गेले म्हणालो. मग माझं नाव विचारलं. नानासाहेब. आडनाव अजून ठरलेलं नव्हतं, तेव्हा सरांचंच सांगितलं.