एकाच ओंडक्याच्या फळ्या

नाशिक, फेब्रुवारी १९८३

गेणू, सप्रेम जयभीम.

गंगापूर धरणावरची कर्णिक साहेबांची शिडाची बोट माझ्याकडे दुरुस्तीला आली आहे. केबिनला आतून आपण दोघांनी बसवलेल्या सागाच्या फळ्यांपैकी एक पाणी मुरून कुजली. नवा साग फिका पडतो. उन्हात ठेवून, चहाचं पाणी देऊन रंग आणला, पण जुन्या लाकडाच्या रेषा कुठून आणू? सुतारकी मला कोणी शिकवली नाही, तरी जोड दिसेल असं काम माझ्या हातून जाणार नाही.

साहेब म्हणाले, "अहो सावळीराम, कोण बघतंय?"

म्हटलं, "मी बघतोय की!"

त्याच ओंडक्याची उरलेली फळी वाटणीत तू चांदवडला नेलीस. तेव्हापासून आपलं बोलणं नाही. जाताना तू म्हणाला होतास, "दादा, लागली तर माग." मागणं मला जमत नाही. आधीची दोन पत्रं पेटीपर्यंत नेऊन परत आणली. तुझी वहिनी हसते, "फळी मागताय की भाऊ?"

फळी एसटीच्या टपावर टाकून पाठवू नकोस, वाकेल. तूच घेऊन ये. रेषा जुळवताना दुसरं टोक धरायला माणूस लागतो, आणि दुसऱ्या कोणाच्या हातात मी ते देत नाही.

तुझा दादा,
सावळीराम