न वाचलेली चार पानं

मालवण,
सोमवार, १४ ऑक्टोबर २०२४

प्रिय शॅनन बाय,

शाळेत जायच्या आधी मी तुला पिकअपच्या मागच्या फळीवर बसवून वेण्या घालायचे, ते आठवतं तुला? तू पाय हलवत बसायचीस आणि तुझा भांग वाकडा यायचा. केसांची रबरं नेहमी हरवलेली. मग गॅरेजमधल्या जुन्या ट्यूबची बारीक कडी कापून तीच वेणीला लावायची. "आंटी, डोक्याला टायरचा वास येतो, मुली हसतात," असं म्हणून तू रडायचीस, आणि तुझा पप्पा ड्रायव्हरच्या सीटवरून म्हणायचा, "रडतंस कित्याक गो, पंक्चर तरी जावचा नाय!" त्यात विशेष असं काही नव्हतं, रोजचीच सकाळ होती. पण हल्ली मला तीच जास्त आठवते.

मी बरी आहे. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू म्हणतात. तोवर अक्षर वाकडं आलं तर चालवून घे. बेळगावच्या कॉन्व्हेंटात याच अक्षरासाठी मला दोनदा बक्षीस मिळालं होतं, आता सिस्टरांनी पाहिलं तर छडीच मिळेल.

तुझा निरोप मिळाला. पुण्याहून वीस तारखेला ट्रेलर घेऊन येतेस आणि पिकअप नेतेस, हे वाचून मी शेडमध्ये जाऊन तिच्यावरची ताडपत्री काढली. डॉमिंगो अंकल गेले, मी घरात एकटी उरले, त्याला चार वर्षं झाली, पण दर रविवारी चर्चमधल्या मासहून आले की मी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवते. सहा सिलिंडर एका ओळीत, लांबलचक इंजिन; गरम झालं की शिवणयंत्रासारखं चालतं. तू विचारलंस की नवशिक्या माणसाने ताकद वाढवायला सुरुवात कुठून करायची, अंकलनी आधी काय केलं. जेवढं मला ठाऊक आहे तेवढं सांगते. पाना माझ्या हातात कधी नव्हता, पण वाचून दाखवणारी मीच होते.

सुरुवात प्लगांपासून कर. सहाही काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांड, आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा ते खाली लिही. बिस्किटासारखा रंग असेल तर तो सिलिंडर सुखी. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी. एकाच कार्बोरेटरवर सहा तोंडं जेवतात, त्यामुळे पुढचं आणि मागचं टोक नेहमी उपाशी राहतं. मग एअर क्लीनर रॉकेलने धुऊन घे, त्याच्या तळाचं तेल बदल. प्लगच्या वायरी नव्या घाल. वायरींचा क्रम एक, पाच, तीन, सहा, दोन, चार. हा क्रम माझ्या इतका तोंडात बसलाय की कधी कधी रोझरी म्हणताना मधेच तोच येतो. देव माफ करो.

त्यानंतर सायलेन्सरचा पाइप. जुना पाइप आतून गंजून अरुंद झालेला असतो, इंजिनाला श्वास सोडता येत नाही. अंकलनी तीन सिलिंडरांना एक आणि तीनांना एक असे दोन पाइप काढले होते. आवाज असा आला की चर्चच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. मग कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट एक नंबर मोठा, मग ठिणगीचं टायमिंग थोडं पुढे. आणि सर्वांत शेवटी कोल्हापूरला नेऊन इंजिनाचं हेड घासून घेतलं. ते काम तू एवढ्यात करू नकोस.

अंकल ज्यावरून हे सगळं करायचे त्या इंग्रजी पुस्तकाच्या पानांचे फोटो तू मागितलेस. ते पुस्तक मला सापडत नाही. शेडमध्ये वाळवी लागली होती, त्यात गेलं असावं.

अंकलच्या गॅरेजमधल्या सत्यवानाबद्दल तू लिहिलंस तेही वाचलं. "त्या माणसाचा हात पप्पांच्या गाडीला लागता कामा नये." बरं.

नर्मदा मासळी घेऊन दारात उभी आहे, ओरडतेय. उरलेलं उद्या लिहिते.


गुरुवार, १७ ऑक्टोबर

शॅनन,

वर लिहिलंय की पुस्तक सापडत नाही. ते खोटं आहे. ते खोडणार नाही, तसंच राहू दे. पुस्तक माझ्या कपाटात, लग्नाच्या साडीखाली आहे. तेवीस वर्षं तिथेच आहे.

काल मी एसटीने खारेपाटणला जाऊन आले. का गेले ते कळायला तुला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. तू आठ वर्षांची होतीस. तुला जे सांगितलं गेलं ते मोठ्यांनी सांगितलेलं होतं, आणि त्या मोठ्यांत मी होते.

तुझा पप्पा, माझा भाऊ क्रिस्टोफर, देवगडचा हापूस कोल्हापूरला न्यायचा. फोंडा घाट चढताना पिकअप धापा टाकायची. पहाटेच्या लिलावाला दुसऱ्यांच्या गाड्या आधी पोचायच्या आणि याचा आंबा उन्हात मागे राहायचा. तेव्हा अंकलना कोल्हापूरच्या जुन्या बाजारात ते अमेरिकन पुस्तक मिळालं. सहा सिलिंडरच्या पिकअपचं इंजिन घरच्या घरी कसं जोरदार करावं, अगदी नवशिक्यालाही समजेल असं, चित्रांसकट. अंकल सातवी शिकलेले, इंग्रजी अक्षर न अक्षर मला वाचावं लागायचं. दुपारी जेवणं झाली की मी शेडच्या दारात स्टूल टाकून बसायचे आणि इंग्रजी वाचून मालवणीत सांगायचे. अंकल आणि सत्यवान ऐकायचे आणि करायचे. सत्यवान तेव्हा आमच्याकडे अकरा वर्षं होता. तुझ्या वेण्यांना ट्यूबच्या कड्या कापून द्यायचा तो तोच, हे तुला कुणी सांगितलं नसेल.

मला ते वाचणं फार आवडायचं, शॅनन. दोन पुरुष हातातलं काम थांबवून माझ्या तोंडाकडे बघतायत. वाचून झालेल्या पानावर मी शाळेतल्यासारखी पेन्सिलने बरोबरची खूण करायचे. क्रिस्टोफर येऊन चिडवायचा, "अ‍ॅनी, तुझो घोव इंजिनाक टॉनिक पाजता, मेवण्याक चायव पाजीना!"

पुस्तकाच्या पहिल्या चार पानांवर खूण नाही.

इंग्रजी पुस्तकांत आधी सूचना असतात. हे करू नका, ते करू नका. अंकलना त्याचा कंटाळा. "तां ऱ्हवांदे गो, कामाचां वाच. सायबाची पुस्तकां पयल्या चार पानांत नुसती भियां घालतत." मिक्सरच्या पुस्तकापासून पंपाच्या पुस्तकापर्यंत आमची हीच रीत होती, पहिली पानं सोडायची. या वेळीही मी सोडली. पाचव्या पानावर प्लगांचं चित्र होतं, तिथून सुरू केलं.

सगळं झाल्यावर, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, गाडी बाहेर काढायच्या आदल्या दिवशी सत्यवानाने मला विचारलं, "बाईनू, गाडी आता चढाक जोरात जातली, क्रिस्तोफरबाबय वजन वाढयतले. ब्रेकांचा पुस्तकात काय लिवलेला आसा?"

मी तांदूळ निवडत होते. पुस्तक माझ्या मांडीजवळ होतं. न उघडता मी म्हटलं, "काय नाय."

"बगलास मां?"

"सगळां वाचलंय रे बाबा."

तो गेला. मग त्याने अंकलनाही विचारलं, तर ते म्हणाले, "पुस्तकात नाय म्हंजे गरज नाय. आंब्याच्या दिवसात चार चाकां खोलून बसतंस काय?"

गाडी चढाला इतकी छान गेली की तुझ्या पप्पाने पेट्या वाढवल्या आणि येतानाही रिकामा येईना. तिसऱ्या फेरीला तो गुळाच्या ढेपा भरून फोंडा घाट उतरत होता. पुढचं तुला माहीत आहे: ब्रेक लागले नाहीत; गाडी ओढून परत आणली आणि अंकलनी पुन्हा उभी केली, तुझा पप्पा परत आला नाही.

तपासायला आलेल्या साहेबांनी सांगितलं की चाकातले रबराचे वायसर तापून गेले, ब्रेकचं तेल गळलं, पॅडल जमिनीला टेकलं. साहेबांनी विचारलं, ब्रेक कोण बघत होतं? अंकल म्हणाले, "सत्यवान." तेही खोटं नव्हतं, तेल तोच भरायचा. सत्यवान दारात उभा होता. त्याने साहेबांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. एवढंच. मी खाली बघितलं.

त्या रात्री नाही, नऊ दिवस झाल्यावर, घर रिकामं झालं तेव्हा मी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर होतं: इंजिनाची ताकद वाढवण्याआधी थांबण्याची ताकद वाढवा. चारही चाकांचे सिलिंडर, होज, लायनिंग नवे घातल्याशिवाय बोनेट उघडू नका. उताराला लहान गिअर. चार पानं याच गोष्टीवर होती. सोपं इंग्रजी होतं. मला एकही शब्द अडला नाही.

अंकलना मी ते कधी वाचून दाखवलं नाही. ते गेले तेही पुस्तकात ब्रेकांबद्दल काही नव्हतं असंच समजून.

सत्यवानाला त्याच महिन्यात काढलं. मालवणात त्याला कुणी हाताखाली घेईना. तो खारेपाटणला बायकोच्या माहेरी जाऊन पंक्चर काढत राहिला. तुझ्या चर्चमधल्या कन्फर्मेशनला तो, तुम्ही नंतर राहायला गेलात त्या म्हापशाच्या घरी, नारळ आणि केळीचा घड घेऊन आला होता. तुझ्या मम्मीने त्याला फाटकातून परत पाठवलं. मी आत पंगतीचं बघत होते. मला दिसला. मी बाहेर आले नाही.

म्हणून काल गेले. त्याचं दुकान नदीकडच्या रस्त्याला आहे. केस सगळे पांढरे. मला बघून त्याने हात पुसले आणि मुलीला हाक मारली, "गौरजा, खुर्ची हाड गो, गॅरेजच्या बाई इल्यात." मी उभ्याउभ्याच सांगायला लागले. पुस्तक पिशवीत होतं, ते काढलं. त्याने हातही लावला नाही.

"माका म्हायती होता, बाईनू."

मी विचारलं, कधीपासून?

"तवांच. पुस्तकाची सगळी पानां आमच्या बोटांनी काळी झालेली. पयली चार पांढरीफेक. मी वाचूक शिकलंय नाय, पण कोरा पान कळता माका."

"मग बोललास कित्याक नाय?"

"तुमचो सख्खो भाव गेल्लो," तो म्हणाला. "तुमका आनी काय बोलू?"

मी तिथे रडले, गौरजाने पाणी दिलं. तेवढ्यात एक रिक्षावाला चाक घेऊन आला, तर सत्यवानाने त्याला दहा मिनिटं थांबायला लावलं. मी म्हटलं, तुला काय हवं ते सांग, माझ्या हातून होईल ते करते. त्याने रिक्षाचं चाक भिंतीला टेकवून ठेवलं. मग म्हणाला, "माका काय नको. क्रिस्तोफरबाबच्या चेडवाक सांगा. तां माका बापाशीक मारणारो समाजता. मी आता सासष्ट वर्सांचो. तां मनात ठेवन माका मरूचा नाय."

नंतर मी बसस्टँडकडे निघाले तेव्हा मागून आला. "ट्रेलर येतलो म्हणालात मां वीस तारखेक? ब्रेक माका करूक दितली काय, इचारा तिका. चारय चाकां. मगे गाडी खंय व्हयी थंय न्हेव दे."

मी त्याला हो म्हटलं नाही. आधी एकदा तुमच्या सगळ्यांच्या वतीने मी उत्तर दिलं होतं. या वेळी तू दे.

शॅनन, तू आता चिडली असशील. चीड. फोन नाही उचललास तरी चालेल. मला एवढंच भय आहे की तू रागाने माझं सगळंच फेकून देशील आणि त्यात ब्रेकचं सांगणंही जाईल. तू नवशिकी आहेस आणि क्रिस्टोफरची मुलगी आहेस, वेग तुला आवडणार. प्लग, पाइप, कार्बोरेटर, जे वर लिहिलं ते सगळं खरं आहे, पण ते दुसरं. पहिलं काम चार चाकांचं.

आता कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते. तू वीसला आलीस तर स्वतः बघ. नाही आलीस तर हा कागद दाखवून कुणीही करील.

पिकअप तुझी. कागद अंकलच्या नावावरून माझ्या नावावर करून घेतलेत, माझ्या सह्या झाल्यात, तुझी तेवढी राहिलीय. तुझं उत्तर काहीही असलं तरी ती तुझीच.

अंकलची पान्यांची मोठी पेटी, घट्ट बसलेले भाग ओढून काढायचा पुलर, आणि लोखंडी जॅक सत्यवानाला. ही त्याला भीक नाही. अकरा वर्षं ती हत्यारं त्याच्याच हातात होती.

पुस्तक गौरजाला. ती इंग्रजी शाळेत शिकवते. बापाला पहिल्या चार पानांपासून वाचून दाखवील.

हे पत्र तुझ्या मम्मीला दे. ती वाचून काय म्हणेल ते मला कळवायची गरज नाही.

ब्रेकचं काम कुणाला द्यायचं ते तू ठरव. सत्यवानाचा फोन नंबर पाकिटावर मागे लिहिलाय. हो असेल तर तूच त्याला सांग, माझ्यामार्फत नको.

क्रिस्टोफरची बहीण,
अ‍ॅनी